बालकथेचे प्रहसन आणि बोलीचे हसे

१

बालकथा रंगभूमीवर आणावयाची म्हणजे कथनाचे संवादात रूपांतर करावयाचे, अशी एक समजूत बालनाट्याच्या लेखकांत, आणि त्याहूनही अधिक शाळाशाळांतून बालनाट्ये बसविणाऱ्या शिक्षकांत, रूढ आहे. हे रूपांतर विनोदी करावयाचे असेल तर संवादांत काही कोट्या, दोनचार पडापडीचे प्रसंग आणि एखादे खुळचट पात्र घातले की काम भागले, असेही मानले जाते. ही समजूत दोन्ही अंगांनी अपुरी आहे. बालकथेत विनोद मुळातच असतो. तो बाहेरून आणावा लागत नाही. मात्र ज्या भाषिक घडणीत तो नांदतो ती घडण कथनाची असल्यामुळे रंगभूमीवर येताना मोडते. ती मोडल्यावर तिच्या जागी काय ठेवले जाते, आणि जे ठेवले जाते त्यातून कोण कोणाला हसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. पुणे-मिरज लोहमार्गावरील हे गाव नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मस्थान आहे. आणि ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ती सांगलीही येथून फार दूर नाही. म्हणजे मराठी रंगभूमीच्या इतिहासाशी या टापूचे नाते जवळचे आहे. तथापि या टापूतील मूल घरी जी भाषा बोलते तिचे रंगभूमीवरील स्थान निराळे आहे. घरी ‘आहे’ऐवजी ‘हाय’, ‘नाही’ऐवजी ‘न्हाई’, ‘वेळ’ऐवजी ‘येळ’, ‘विचारलं’ऐवजी ‘इचारलं’ ऐकतच ते वाढते. आजीची गोष्ट त्याने ऐकलेली असते ती या बोलीत. तीच गोष्ट शाळेच्या पुस्तकात ते वाचते ती प्रमाणभाषेत. तिसऱ्या खेपेस ती गोष्ट नाटक होऊन त्याच्यासमोर येते. या तिसऱ्या भेटीत त्याची बोली कोणाच्या तोंडी पडते, यावर त्या नाटकातील विनोदाचे मूल्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

२

प्रथम कथनाची घडण पाहावी. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. परंतु गोष्ट सुरू होते ती ‘एक होता राजा’, ‘एक होती म्हातारी’ अशा रचनेने. क्रियापद नामाच्या आधी येते आणि त्या एका उलटापालटीने ऐकणाऱ्यास कळते की आता व्यवहारातील बोलणे थांबले व गोष्टीचे बोलणे सुरू झाले. त्याच्या जोडीला ‘म्हणे’ हा शब्द येतो. ‘वाघ म्हणे घाबरला’ या वाक्यात सांगणारा वाघाच्या भीतीची हमी स्वतः घेत नाही. ती ऐकीव आहे असे सुचवितो. या अल्पशा अव्ययात बालकथेतील विनोदाचा मोठा साठा आहे. गंभीर मुद्रेने अशक्य गोष्ट सांगावयाची आणि ‘म्हणे’ म्हणून तिची जबाबदारी झटकावयाची, हा आजीच्या कथनातील मिस्कीलपणा होय.

दुसरे लक्षण म्हणजे पुनरावृत्ती. चिमणीचे दार कावळा पुनःपुन्हा ठोठावतो आणि चिमणी प्रत्येक वेळी नवे निमित्त सांगते. भोपळ्यात बसलेल्या म्हातारीस वाटेत एकामागून एक प्राणी भेटतात आणि उत्तर तेच मिळते. लोककथेतील या पुनरावृत्तीचा, विशेषतः तिहेरी पुनरावृत्तीचा, निर्देश डॅनिश अभ्यासक ॲक्सेल ओल्रिक याने १९०९ मध्ये मांडलेल्या कथानियमांत आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात पुनरावृत्ती हे विनोदाचे एक प्रमुख साधन मानले. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते, असा त्याचा सिद्धान्त आहे. बालकथेच्या बाबतीत या सिद्धान्ताला एक पुरवणी जोडावी लागेल. येथे मूल केवळ यंत्रवत् वागणाऱ्या कावळ्याला हसत नाही. पुढे काय येणार हे आपल्याला ठाऊक आहे आणि कावळ्याला ठाऊक नाही, या जाणिवेने ते हसते. ते हसू ज्ञानाचे आहे.

तिसरे लक्षण हुंकाराचे. गोष्ट ऐकणाऱ्याने ‘हुं’ म्हटल्याशिवाय सांगणारी पुढे जात नाही. ऐकणारा हा कथनाचा भागीदार असतो. चौथे लक्षण ध्वन्यनुकारी शब्दांचे. भोपळ्याची ‘टुणुक टुणुक’ ही चाल अर्थाने सांगता येत नाही, ती केवळ ध्वनीने कळते. हे चारही विशेष, म्हणजे वाक्यरचनेतील उलटापालट, ‘म्हणे’ने साधलेले अंतर, पुनरावृत्ती आणि हुंकारयुक्त ध्वनी, मिळून बालकथेचा विनोद सिद्ध होतो.

रंगभूमीवर काय होते? वाघ प्रत्यक्ष दिसू लागताच ‘म्हणे’ गळून पडते. कथन करणारी व्यक्ती नाहीशी होते. एका प्रसंगाची पुनरावृत्ती प्रेक्षकांस कंटाळवाणी होईल या भीतीने तीन भेटींची एक भेट केली जाते. हुंकाराची जागा टाळ्या घेतात. याप्रमाणे मूळ विनोदाचे चारही आधार निखळल्यावर रूपांतरकारास विनोद इतरत्र शोधावा लागतो. आणि मग चित्रपटातील गाण्यांचे विडंबन, जाहिरातींची वाक्ये, मोठ्यांनाच कळतील अशा कोट्या यांची भरती होते. सभागृहात हसे पिकते, पण ते गोष्टीचे नसते.

३

तथापि मराठी बालरंगभूमीचा इतिहास एवढाच नाही. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी मुंबईत ‘लिटिल थिएटर’ ही बालरंगभूमी उभी केली. ‘मधुमंजिरी’ हे तिचे आरंभीचे नाटक होय. रत्नाकर मतकरी यांनी पुढे अनेक दशके बालनाट्ये लिहिली व सादर केली. पुण्यात सई परांजपे यांनी ‘पत्तेनगरी’सारखी नाटके मुलांसाठी केली. विजय तेंडुलकर, पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकांनीही या प्रकाराला हात लावला. या पिढीने बालकथेतील विनोद रंगभूमीच्या साधनांनी नव्याने निर्माण करण्याचे प्रयत्न केले, आणि त्यांतील काही शीर्षकांवरूनच त्यांची दिशा कळते.

तेंडुलकरांच्या ‘चिमणा बांधतो बंगला’ या शीर्षकात केवळ एक शब्द बदलला आहे. लोककथेतील चिमणी घरात राहते. येथे चिमणा बंगला बांधतो. ‘घर’ या शब्दाच्या जागी ‘बंगला’ येताच मोठ्या माणसांची सारी हौस व ऐट पाखराच्या जगात शिरते. ‘अलीबाबाचं खेचर आणि एकोणचाळिसावा चोर’ या शीर्षकात अरबी कथेतील नायकाला बाजूला सारून त्याचे खेचर आणि टोळीतील एक सामान्य चोर यांना पुढे आणले आहे. मूळ कथा ठाऊक असलेल्या मुलास यातील गंमत तत्काळ कळते. हीच पूर्वज्ञानाची गंमत कथनात पुनरावृत्तीने साधली जात होती. येथे ती दृष्टिकोन बदलून साधली आहे. ही खरी रूपांतरे होत; कारण साधन बदलूनही विनोदाचे मर्म कायम राहते.

मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण हे दुसरे उदाहरण. ही भूमिका पूर्वी दिलीप प्रभावळकर यांनी आणि २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी केली. पुरुषाने चेटकीण व्हावयाचे, या योजनेला इंग्लंडमधील नाताळच्या ‘पँटोमाइम’ नाटकांत जवळचा नमुना आहे; तेथे ‘सिंड्रेला’सारख्या परीकथांतील थोराड स्त्रीपात्र पुरुषच रंगवितो. परंतु मराठी प्रेक्षकाला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. तमाशाच्या गौळणीतील मावशी पुरुषच होतो. चेटकिणीला मुलांनी भ्यावे आणि त्याच क्षणी हसावे, ही दुहेरी अवस्था या वेषांतरामुळे शक्य होते. वेष डोळ्यांदेखत सांगतो की ‘हे सारे खोटे आहे बरे का’. कथनातील ‘म्हणे’ जे काम करीत होते तेच काम येथे पुरुषाच्या अंगावरील लुगडे करते. हे साम्य बालनाट्याच्या विचारात महत्त्वाचे मानले पाहिजे. ‘म्हणे’ नष्ट करून चालत नाही. त्याला रंगभूमीवर दुसरे रूप द्यावे लागते.

४

या यशस्वी प्रयत्नांतही एक बाजू दुर्लक्षित राहिली, ती भाषेच्या वाटणीची. बालकथांचे मराठीतील मुद्रित रूप मुख्यतः प्रमाणभाषेत घडले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी सुरू केलेले ‘आनंद’ मासिक काय किंवा १९७१ पासूनचे ‘किशोर’ काय, मुलांच्या वाचनाची भाषा सर्वत्र एक असावी हा त्यांचा हेतू योग्यच होता. बालरंगभूमी मुंबई-पुण्यात वाढल्यामुळे तिनेही ही भाषा उचलली. पण नाटकात सर्वांनी एकच भाषा बोलून भागत नाही. राजपुत्र आणि राखणदार, राजकन्या आणि दासी यांत भेद दाखवावा लागतो. हा भेद दाखविण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे बोली. राजपुत्र प्रमाण मराठी बोलतो; गांगरणारा, फसणारा, धडपडणारा शिपाई ‘आरं’, ‘लई’, ‘हाय’ असे बोलतो.

ही बोली कोणत्याही एका गावची नसते. ‘ण’चा ‘न’ करावयाचा, ‘आहे’चे ‘हाय’ करावयाचे आणि अधूनमधून ‘लई’ पेरावयाचे, एवढ्या तीनचार खुणांवर ती उभी असते. रहिमतपूरच्या परिसरातील प्रत्यक्ष बोलीला स्वतःची व्यवस्था आहे. शब्दारंभीच्या ‘वि’चा ‘इ’ होणे व ‘वे’चा ‘ये’ होणे हे तीत नियमाने घडते. ‘करतुया’, ‘जातुया’ यांसारखी चालू क्रियेची रूपे तीत आहेत. ‘वंगाळ’, ‘कशापायी’ असे शब्द तीत आहेत. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून सिद्ध केलेल्या बोलींच्या मालिकेत कुडाळी, महाडकडील कुणबी अशा बोलींची शास्त्रशुद्ध वर्णने झाली. या अभ्यासांनी जे दाखविले ते रंगभूमीपर्यंत पोचलेले नाही. बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे, ती दुसरी नियमबद्ध भाषाव्यवस्था होय, हे पदव्युत्तर वर्गात शिकविले जाते. परंतु बालनाट्याच्या संहितेत बोली अद्याप बिघाड म्हणूनच वावरते.

याचा परिणाम गावोगाव सारखा होत नाही. दादर किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतील मूल अशा शिपायाला हसते तेव्हा ते दुसऱ्या कोणाला तरी हसत असते. रहिमतपूरचे मूल हसते तेव्हा ते आपल्या आजीला हसत असते. भरताने हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि विकृत वेष, असंबद्ध भाषण, व्यंगदर्शन यांची गणना हास्याच्या विभावांत केली आहे. मुलाच्या घरची भाषा या विकृतींच्या यादीत जाऊन बसते, तेव्हा नाटकाने त्याला हसविलेले नसते. त्याचे हसे केलेले असते. आणि मूल हे फार लवकर शिकते. शाळेत ‘इचारलं’ म्हणणाऱ्या सोबत्याला चिडविण्यासाठी त्याच्या हाती नाटकाने आणखी एक वाक्य दिलेले असते.

येथे कोणी असे म्हणेल की संस्कृत नाटकांतही विदूषक, स्त्रिया आणि हीन पात्रे प्राकृत बोलतात. तेव्हा ही वाटणी परंपरागतच आहे. हे खरे आहे. परंतु महाराष्ट्राच्या लोकरंगभूमीने ही वाटणी फार पूर्वी उलटी केली. तमाशातील सोंगाड्या गावची बोली बोलतो आणि त्या बोलीतूनच राजाला, प्रधानाला, प्रसंगी देवालाही निरुत्तर करतो. ‘गाढवाचं लग्न’ हा दादू इंदुरीकर यांनी गाजविलेला वग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शापाने गाढव झालेला गंधर्व आणि राजकन्येशी त्याचा विवाह, ही कथा मुळात कोणत्याही बालकथासंग्रहात शोभेल अशी आहे. वगामध्ये तिचे केंद्र गंधर्वाकडून सावळ्या कुंभार आणि गंगी यांच्याकडे सरकते. आणि त्यांची बोली हीच नाटकाची मुख्य भाषा ठरते. हसू त्यांच्यावर उडत नाही, त्यांच्याकडून उडते. कोकणात गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये मालवणीच्या बाबतीत हेच केले. प्रौढांच्या विनोदी रंगभूमीने जे साधले ते बालरंगभूमीला असाध्य असण्याचे कारण नाही.

वारकरी परंपरेतील गोपाळकाल्यात याहूनही जुना धडा आहे. त्यात कृष्णाचे सवंगडी वाकड्या, पेंद्या, बोबड्या असे आहेत. त्यांच्या चालण्याबोलण्यातील व्यंगाने गंमत येते. पण शेवटी एकाच हंडीतला काला सर्वांना मिळतो. ज्याला हसावयाचे त्याला पंगतीत बसवावयाचे, हा तो धडा होय.

५

आता भोपळ्यातील म्हातारीची कथा घेऊन या विचाराची परीक्षा करावी. प्रचलित पद्धतीने रूपांतर केले तर म्हातारी एक तर शुद्ध पुस्तकी मराठी बोलते, नाही तर तिचे बोळके आणि तिची बोली हाच विनोदाचा विषय होतो. वाघ मात्र रुबाबदार असतो. परंतु कथेत जिंकते कोण? म्हातारी. ती जिंकते कशाने? बोलण्याने. तिच्याजवळ दुसरे शस्त्र नाही. तेव्हा तिचे बोलणे हेच नाटकातील सर्वांत तल्लख बोलणे असले पाहिजे, आणि हसे व्हावयाचे तर ते वाघाच्या भाषेचे झाले पाहिजे. वाघ कचेरीतील खलित्याच्या थाटात म्हणतो, “सदरहू म्हातारीस भक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे.” म्हातारी म्हणते, “आरं बाबा, आत्ता नुसती हाडंच हायती. लेकीकडं जाऊ दे, जरा अंग धरू दे, मग खा की.” ‘अंग धरू दे’ या तीन शब्दांपुढे ‘भक्षण करण्याचे योजिले’ हे सारे वाक्य पोकळ ठरते. शाळेतील निबंध आणि सूचनाफलक यांमुळे मुलाला सदरहू-भाषेचा परिचय असतोच. आपल्या आजीच्या शब्दांपुढे ती भाषा कोलमडताना पाहून त्याला जे हसू येते, ते आरंभी सांगितलेले ज्ञानाचे हसू होय.

दुसरे असे की वाटेतील भेटींची संख्या कमी करू नये. वाघ, कोल्हा, अस्वल या तिघांनाही म्हातारीने तेच उत्तर अक्षरशः त्याच शब्दांत द्यावे. बदलावे ते विचारणाऱ्याचे भाषण. उत्तर बदलू नये. तिसऱ्या खेपेस प्रेक्षागृहातील मुले ते उत्तर म्हातारीच्या आधी म्हणू लागतील. हाच रंगभूमीवरील हुंकार. विनोदाला उसनी वाक्ये आणावयाची गरज मग राहत नाही. ‘म्हणे’ची जागा घेण्यासाठी सूत्रधार ठेवावा. तो प्रमाण मराठीत गोष्ट सांगेल आणि त्याच्या सांगण्यातील अचूकपणा पात्रे आपल्या वागण्याने खोटा पाडतील.

६

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला व्यवहाराचा. एकच संहिता रहिमतपूरला, नागपूरला आणि सावंतवाडीला जावयाची. म्हातारीला कोरेगाव तालुक्याची बोली दिली तर इतरत्र ती कोणाची आजी होणार? या आक्षेपाचे उत्तर याच टापूच्या नाट्येतिहासात आहे. भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधाराकडे असत व ती निश्चित असत. पात्रांची भाषणे मात्र बव्हंशी प्रसंगानुसार, आयत्या वेळी होत. विदूषकाला मोकळीक तर असेच. आणि राक्षसांच्या आरोळ्यांवरून या नाटकांस ‘अलल् डुर्र’ असे नावही पडले. तमाशातील बतावणीही अशीच लवचीक असते. बालनाट्याच्या संहितेने हीच दुहेरी पद्धत स्वीकारावी. प्रसंगांचा क्रम, पुनरावृत्तीची सूत्रे आणि सूत्रधाराचे निवेदन निश्चित असावे. मुख्य पात्राचे भाषण त्या त्या गावच्या बोलीत ढाळण्याची मुभा संहितेतच लिहून द्यावी. रहिमतपूरच्या शाळेत ते रूप शिक्षकांनी मुलांच्या व त्यांच्या आज्यांच्या मदतीने घडवावे. असे झाल्यास बोलीचा एक जिवंत संग्रहही आपोआप तयार होईल.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा. मुलाने प्रमाणभाषा शिकावी हे सर्वांना मान्य असता रंगभूमीने बोलीचे लाड का करावे? प्रमाणभाषेचे प्रयोजन येथे कोणी नाकारीत नाही. सूत्रधार तीच बोलतो. परंतु घरच्या भाषेची लाज वाटू लागल्याने दुसरी भाषा लवकर येते, हा समज निराधार आहे. लाजेने येते ते मौन. ज्या मुलाला चुकण्याची भीती वाटते ते वर्गात हात वर करीत नाही, आणि नाटकात त्याला काम मिळाले तर ते झाडाचे मिळते.

वसंत कानेटकरांनी ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ (१९६१) या आपल्या लोकप्रिय सुखात्मिकेत प्राध्यापकाचे घर रंगविले. त्या घराची भाषा प्रमाण मराठीच असणार. त्या विषयाची ती गरजच होती. लेखकाचे जन्मगाव त्याच्या नाटकाच्या भाषेत उतरलेच पाहिजे, असा नियम कोणी घालू नये. परंतु जी कथा आजीकडून आली तिच्या बाबतीत मात्र हा विचार करावा लागतो. कारण तिथे भाषा हा विषयाचा पोशाख नसून कथेचा देहच आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’ रचताना मूळ इंग्रजी प्रहसनाचे परकेपण नाहीसे केले आणि ते नाटक मराठी कुटुंबाचे करून दाखविले. परक्या नाटकाला आपलेसे करण्याचे हे कौशल्य ज्या भूमीत होते, तेथे आपल्याच गोष्टीला परके करून मुलांपुढे मांडण्याची पाळी येऊ नये. बालनाट्याच्या यशाची मोजणी सभागृहातील हशांनी होते, हे ठीकच आहे. पण तो हशा पिकला तेव्हा मुलांत बसलेली आजी हसत होती की पदर तोंडाला लावून गप्प होती, हेही पाहिल्याखेरीज ती मोजणी पुरी होत नाही.